तीस तारीख नसलेलं तिकीट

"पुन्हा मांडू, शेठ."

एवढं म्हणून सर खिशातला खडू काढायचे आन् माझ्या टेबलावर समदी पृथ्वी काढायचे. टेबल काळ्या सनमायकाचं होतं, त्यांना फळ्यासारखं वाटत असंल. मला शेठ म्हणणारा अख्ख्या लातुरात तो एकच माणूस. बाकीचे "ओ ट्रॅव्हल्स" म्हणून हाक मारायचे.

तुमच्यापैकी जी मंडळी त्या सालांत पोराला क्लासला टाकायला लातूरला आली असतील, त्यांनी सरांना बघितलंच असंल. पांढरा शर्ट, खडूनं भरलेल्या बाह्या, आन् सायकल हातात धरून चालणार. सायकलवर बसलेले मी कधी बघितले न्हाईत. आता सर लातुरात न्हाईत. त्यांच्या खोलीत पोरींची मेस चालू हाय.

माझं हापिस म्हणजे एक टेबल, एक बाकडं, एक फोन आन् मागं पडदा. पुण्या-मुंबईच्या लक्झरीची तिकिटं फाडायचो. शाळेत मी गेलो न्हाई, शाळेपुढून म्हशी घेऊन गेलो. आकडे तेवढे कळतेत. म्हणून ज्याचं नाव त्यानंच लिहायचं, अशी माझ्याकडं पद्धत. लोकांला वाटायचं, लई विश्वासाचा माणूस हाय.

बोर्ड रंगवताना एक कोपरा मोकळा राहिला. पेंटर म्हणला, "इमान काढू का?" मी म्हणलं, "काढ, बरं दिसतंय." त्यानं खाली काय लिहिलं ते मला दोन साल माहीत नव्हतं. सर आले तवा कळलं.

"शेठ, विमानाचं तिकीट मिळतं ना इथं? बोर्डवर लिहिलंय."

आता न्हाई म्हणलं असतं तर काय बिघडलं असतं? पण माझं तोंड. "हाव सर, मिळतंय की! कुठलं पायजे?"

"सगळ्या पृथ्वीला वळसा घालून परत येणारं."

मला वाटलं, क्लासची पोरं शिकवून शिकवून डोकं फिरलं मास्तरचं. तरी मी म्हणलं, "एकच का दोन?"

मग मी हैदराबादच्या एका एजंटाला गुपचूप फोन लावला. आमच्या गाडीवाल्याच्या वळखीचा होता. त्यानं सांगितलं, असं तिकीट असतंय. जगातल्या लई कंपन्यांची युती हाय, एकाच तिकिटावर सगळ्यांची इमानं. मी म्हणलं, "युती हाय म्हणता, मग आपण परत येईपर्यंत टिकंल का?" तो हसला न्हाई. कायदे सांगत गेला. दोन्ही मोठे समुद्र एकेकदाच ओलांडायचे. निघालं त्या दिशेनंच पुढं जायचं, माघारी फिरायचं न्हाई. सालाच्या आत निघाल्या देशात परत. पैसे मैलांवर, मैलांचे टप्पे पाडलेले. आन् मधी पंधरा जागी उतरता येतंय.

मी खुशीत सरांना सांगितलं, "पंधरा जागी उतरा!"

"उतरायचं नाही कुठंच. कमीत कमी करा."

बगा आता. माणूस जगाचं तिकीट काढून राहिला आन् त्याला जगात काहीच बघायचं न्हाई. रोज सांजच्याला येऊन मैल मोजायचे. टेबलावर सिंगापूर मांडलं, पुसलं, दुसरं मांडलं. दोन महिन्यांनी त्यांनी शोधून काढलं की तेच तिकीट श्रीलंकेतून सुरू केलं तर लई स्वस्त पडतंय. मी म्हणलं, "सर, लंकेतून निघालेलं एकच इमान मला ठावं हाय, आन् त्याला तिकीट नव्हतं." सर हसले न्हाईत. त्यांना फक्त एकाच इमानाची पडली होती, अमेरिकेहून न्यूझीलंडला जाणाऱ्या.

एक दिस मी विचारलंच. सरांनी टेबलावर एक उभी रेघ मारली.

"समुद्रात अशी रेघ आहे, शेठ. ती ओलांडली की तारीख बदलते. पश्चिमेकडं जाताना ओलांडली तर एक दिवस गळून पडतो. एकोणतीस सप्टेंबरच्या रात्री अमेरिकेतून बसायचं. सकाळी उतरलो की एक ऑक्टोबर."

"आन् तीस?"

"तीस नाही."

लातुरात तीस सप्टेंबर म्हणलं की पुढं सांगावं लागत न्हाई. सर भूकंपातल्या गावचे. पहाटं पाचची पहिली बॅच घ्यायची म्हणून लातुरात खोली करून राहायचे, म्हणून वाचले. गावात बायको होती आन् दोन वर्षाची पोरगी.

दरसाल त्या दिवशी त्यांचे मेव्हणे जीप घेऊन श्रद्धांजलीला न्यायला यायचे. सर सकाळपासून माझ्या पडद्यामागं जुन्या टायरवर बसून. मी सांगायचो, सर पुण्याला गेलेत. एका साली मेव्हणे म्हणले, "कोणत्या गाडीनं?"

"आमच्याच."

"मग चप्पल इथं कशी?"

माझी थाप तिथंच संपली. मेव्हणे वाकले, उलटी पडलेली चप्पल सुलटी करून ठेवली आन् जीपमधी बसले. पडद्यामागून सरांचा आवाज आला, "गेले?" मी म्हणलं, "हाव." तरी सर सांजपर्यंत भाईर आले न्हाईत.

तर असं ते तिकीट. पैसे जमले, व्हिसाचं सरांनी स्वतः बघितलं. हैदराबादला पक्कं सांगायचं तेवढं राहिलं. सर म्हणले, "मी बोलू का त्यांच्याशी?" मी म्हणलं, "छे छे, तुमी कामून तरास घेता!" सर बोलले असते तर मी कसला इमानवाला हाय ते उघडं पडलं असतं. आन् माझं कमिशनबी.

सरांनी क्रमानं गावं टेबलावर लिहून मोठ्यांदा वाचून दाखवली. मी एकेक गाव पाठ केलं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं चहा सांडला, मी फडकं मारलं, पृथ्वी साफ. म्हणलं, जाऊ द्या, पाठ हाय. फोन लावला, आठवतील तशी गावं सांगितली. तो म्हणला, "भाई, पूरब से जाना या पच्छिम से?"

मला आठवंना. पण मी काय आडणारा माणूस न्हाई. मनात म्हणलं, पृथ्वीला वळसा म्हणजे प्रदक्षिणाच की. प्रदक्षिणा उजवीकडून घालतेत, पोरगं बी सांगंल. टेबलापुढं उभा राहिलो, उजवा हात वर केला, तिकडं पूर्व.

"पूरब से, भाई. पूरब सेच."

तिकीट लक्झरीच्या डायव्हरकडं पाकिटातून आलं. सरांनी उघडलं, एक पान, दुसरं पान. मी पेढे आणून ठेवले होते.

"गावं तीच आहेत," सर म्हणले. "क्रम उलटा आहे. पूर्व कुणी सांगितली?"

"मीच, सर. प्रदक्षिणा..."

बोलता बोलता माझा उजवा हात पुन्हा तसाच वर गेला. सरांनी त्या हाताकडं बघितलं. खडू काढला, रेघ मारली, उलट्या बाजूनं बाण काढला.

"असं गेलं की दिवस गळत नाही. जास्तीचा येतो. तीस तारीख दोनदा."

त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर मी आजवर निवांत झोपलो असतो. हैदराबादला सतरा फोन केले. पश्चिमेकडून त्या तारखेला जागाच न्हाई. पैसे परत मिळतील, पण कापून, आन् कवा ते देव जाणे. "पुन्हा मांडू," म्हणत सर आठ दिवस बसले. गणित बसलंच न्हाई.

शेवटी मी म्हणलं, "सर, जाऊ नका. हितं एकदाच येईल. पडदा हाय, टायर हाय."

"इथं एकदाच येईल," सर म्हणले, "पण इथं येईल."

आन् गेले. मी बॅग उचलून हैदराबादच्या गाडीत ठेवली. खिडकीची जागा दिली, फुकट. लई मोठा दानशूर.

तीस तारखेला सकाळी आठला फोन आला. लई लांबून. "शेठ, मी ऑकलंडला आहे. आज तीस." "हाव सर, हितंबी तीस." मेव्हणे आले का, सरांनी विचारलं. म्हणलं, आले होते, खरं ते सांगितलं. "बरं केलं," म्हणले, आन् ठेवला.

दुसऱ्या दिवशी सहाला मी कुलूप काढलं तर आत फोन वाजून राहिलेला.

"शेठ, अमेरिकेत आहे. इथं अजून तीसच आहे." आवाज असा, की पोरगं गर्दीत हात सुटल्यावर बोलतंय.

मी म्हणलं, "सर, हितं उजाडलं. एक तारीख हाय."

"खरंच?"

"आईशप्पथ. पाचची बॅच सुटली, पोरं सायकली घेऊन भांडून राहिलीत. पोहेवाल्यानं कढई ठेवली. पेपरवाला आला, पेपरावर एक आकडा छापलाय, तेवढा मला वाचता येतोय. मुंबईची गाडी आली, पुण्याची अजून न्हाई, पंक्चर झाली असंल. उतारू उतरून राहिलेत, एक बाई तुमच्या क्लासचा पत्ता विचारायलीय..."

समोर बाकड्यावरचा एक उतारू मला सांगत होता, "मामा, फोन कट झालाय, कवाचा टू टू वाजतोय." मला ऐकू येत होतं की. मी हातानं त्याला गप केलं, आन् तोंड फोनला लावून रस्त्यावर जे जे दिसंल ते सांगत राहिलो.