पाच तोंडांचा फ्लॅश आणि मागची रांग

नात परवा दुपारी माझ्या पुढ्यात मोबाइल धरून बसली. ती इथं नांदेडात लग्नांचे आणि क्लासच्या कार्यक्रमांचे फोटो काढते.

"आज्जी, तू सांग. एका पट्टीवर चार छोटे फ्लॅश लावू, की एकच मोठा स्टुडिओचा लाइट घेऊ?"

मला खरं तर झोप येत होती. हल्ली जेवण झालं की मान आपोआप छातीवर येते. पण हा प्रश्न ऐकून डोळे उघडले. हाच प्रश्न मी पस्तिशीत सोडवला होता, चुकीचा सोडवला होता आणि वर त्याचा तोराही मिरवला होता.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"छोटे. वजन कमी, वीज लागत नाही, कुठंही नेता येतात."

शब्दन् शब्द माझा. गुडघेदुखी रक्तातून उतरली तर समजू शकते, हे कशाला उतरावं?

लातूरला आमचा स्टुडिओ होता. आमचा म्हणजे ह्यांचा. मी नांदेडहून लग्न होऊन आले आणि सहा महिन्यांत कॅमेरा हातात घेतला, कारण खेड्यांतल्या बायका पुरुष फोटोवाल्यापुढं डोईवरचा पदर मागं सारत नसत. ह्यांच्याकडं हैदराबादेहून आणलेला मोठा स्ट्रोब, म्हणजे स्टुडिओचा लाइट होता. लोखंडी पेटी, उंच स्टँड, वर पांढरी छत्री. पेटी उचलायला दोन माणसं लागत, आणि भिंतीत वीज नसली की तो नुसता दगड. मी त्याला म्हैस म्हणायचे. मग उदगीरच्या एका वेल्डरकडून मी हातभर लांबीची लोखंडी पट्टी करून आणली. मध्ये कॅमेरा, आजूबाजूला पाच फ्लॅशगन, पाचांच्या तारा एका गाठीत. वीस पेन्सिल सेल भरून ते धूड गळ्यात अडकवलं की मान मोडायची. पण ते कबूल कोण करणार?

ह्यांनी बघितलं आणि त्याचं नाव रावण ठेवलं.

"रावणाला दहा तोंडं असतात," मी म्हणाले.

"पाच ह्याची, उरलेली पाच तुझी."

मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "अगं, पाचही एकाच जागी उभे आहेत. म्हणजे तो एकच मोठा दिवा झाला. पुढच्यांना भाजून काढील आणि मागच्यांपर्यंत पोचणार नाही. म्हशीला लांब आणि उंच उभी कर. छत्रीतून उजेड सगळ्यांवर सारखा पडतो."

"तुमच्या म्हशीला एसटीत घेत नाहीत," मी म्हणाले आणि निघाले. उत्तर देता आलं म्हणजे आपलं बरोबर, असं मला तेव्हा वाटायचं. अशा बाईला आता मी घरात पाणीसुद्धा विचारणार नाही.

निघाले ते औशाच्या पुढच्या एका गावात, लग्नाला. भूकंपाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नवरी त्या गावची, नवरा अर्धापूरचा, केळीवाला. मांडव जाड कापडाचा, भर दुपारी आत अंधार. बायकांचा ग्रुप फोटो घ्यायचा ठरलं. पुढं नवरी, विहीणबाई, आत्या, मावश्या. त्यांच्या मागं बाकावर दुसरी रांग. आणि त्यांच्याही मागं, मांडवाच्या खांबाला टेकून, एक बाई एकटीच. फिकट लुगडं, कपाळ मोकळं.

"मागच्या बाई, पुढं या की!" मी ओरडले.

आत्या म्हणाली, "राहू द्या अक्का. त्या तिथंच बऱ्या."

ती नवरीची आई होती. विधवा. पोरीच्या लग्नात शुभ कामाच्या पुढ्यात यायचं नाही म्हणून ती स्वतःच जाऊन मागं उभी राहिली होती. मला कळलं. नवरीनं एकदा मान वळवून मागं बघितलं, तेही मला दिसलं. पण मी काही बोलले नाही. माझं बंड लोखंडी पट्टीपुरतं होतं. "हलू नका," म्हणाले आणि रावण चमकवला.

फोटो धुऊन आला. पुढची रांग पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरीफेक, दुसरी रांग बरी, त्यामागं काळोख. विहीणबाई खूश झाल्या, कारण त्या जन्मात एवढ्या गोऱ्या कधी दिसल्या नव्हत्या. ह्यांनी मात्र खांबाजवळ बोट ठेवून विचारलं, "इथं कोण आहे?"

मी म्हणाले, "कोणी खास नाही."

भूकंप झाला तेव्हा ती नवरी सासरी, अर्धापूरला होती, म्हणून वाचली. माहेरच्या घराची दगडमाती झाली आणि आई त्यातच गेली. काही आठवड्यांनी ती नवऱ्याला घेऊन आमच्याकडं आली. आम्ही तेव्हा अंगणातच राहत होतो. भिंतींवरचा विश्वास उडाला होता. निगेटिव्हच्या पेट्याही बाहेर ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या.

"अक्का, माझ्या आईचा फोटो पायजे."

"कुठला?"

"तुमी काढलेला. लग्नातला. तिचा दुसरा फोटोच न्हाई. उभ्या जन्मात तेवढा एकच."

पेटीत निगेटिव्ह सापडलं. मी ते उजेडाकडं धरलं. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, निगेटिव्हवर उजेड पडलेली जागा काळी होते आणि न पडलेली कोरी राहते. खांबाजवळची जागा काचेसारखी कोरी होती. जिथं उजेडच गेला नाही, तिथून कागदावर काय आणणार? तरी मी तीन दिवस डार्करूममध्ये उभी राहिले. वरचं छत पडेल या भीतीनं दार उघडं टाकावं, तर तीही सोय नव्हती, उजेडात कागद वाया जातो. हे बाहेर उभे राहून दर पाच मिनिटांनी विचारायचे, "आहेस ना?" सगळे कागद खराब करून शेवटी एवढंच निघालं: पदराची कड, एक कान, हनुवटी आणि डोळ्यांच्या जागी वाळूसारखे दाणे.

ह्यांनी एका शब्दानं मला काही म्हटलं नाही. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

मग मला आणखी एक शहाणपण सुचलं. गावात फोटो रंगवणारा एक कलाकार होता, नेत्यांच्या तसबिरी करायचा. त्याच्याकडून मी डोळे, नाक, ओठ काढून घेतले. हनुवटी मूळची, बाकी त्याची. सुंदर बाई झाली. कपाळ तेवढं मोकळं ठेवायला सांगायची अक्कल मला होती, याचाही मला तेव्हा अभिमान वाटला.

नवरीनं तो फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग नवऱ्याला म्हणाली, "ही कोण हाय हो?"

"आईच की तुझी," तो बिचारा म्हणाला.

"न्हाई. ही कुठली तरी शेठाणी हाय. अक्का, तो आधीचा द्या. काळा."

"त्यात काही दिसत नाही गं."

"नसू द्या. अंधारात उभी हाय, पर माझी आई हाय."

तो घेऊन ती गेली. त्यानंतर मी रावण पोत्यात बांधून माळ्यावर टाकला आणि जाईल तिथं म्हैस नेऊ लागले. एसटीत नाही घेतली तर जीप करायची. ह्यांना वाटलं, बायको शहाणी झाली. मी फक्त घाबरले होते.

पुढं लातूर पालटलं. गल्लोगल्ली क्लास निघाले, घराघरांवर 'रूम भाड्याने' लागलं, चाकूरपासून नांदेडपर्यंतची पोरं डोक्याला तेल थापून डॉक्टर व्हायला आली. पोरांबरोबर आयाही आल्या. एका खोलीत गॅस मांडून दोन-दोन वर्षं पोरांना भाकरी थापून घालायच्या. आम्हाला कामाचा तोटा नव्हता. फॉर्मचे फोटो, ओळखपत्राचे फोटो, आणि वर्षाअखेरी सगळ्या बॅचचा ग्रुप फोटो. तेच ते केस, तेच ते चष्मे, तीच ती झोप न झालेली तोंडं. मी फार थकले होते त्या वर्षांत. म्हशीचं बटण दाबताना माझेच डोळे मिटायचे.

अशाच एका बॅचचा फोटो होता. मोठा हॉल, दोन-अडीचशे पोरं-पोरी, दुसऱ्या दिवशी सगळी गावाला पांगणार. पोरांना बाकांवर चढवलं, म्हैस उभी केली, आणि लोडशेडिंग. पंखे थांबले, हॉलमध्ये संध्याकाळ झाल्यासारखं झालं. जनरेटर होता, पण तो सरांच्या माइकपुरता.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "जीपमध्ये रावण आहे."

"माळ्यावरनं कुणी काढला?"

"मी. म्हातारा झालो, भरवसा कशावरच नाही."

दारात डबे घेऊन पाच-सात आया उभ्या होत्या. त्यांतली एक पुढं आली. केस पिकायला लागलेले, हातात वायरची पिशवी. "अक्का, वळखलं न्हाई ना? अर्धापूरची मी. हितं पोरीसाठी स्वयंपाक करून राहिले." आणि मग हळूच, "माझी पोर लई उंच झालीय, मागच्या रांगेत हाय. मागची रांग दिसंल न्हवं?"

माझ्या हातातली पट्टी जड झाली. ती गळ्यात अडकवायची माझी हिंमतच होईना. मी तिथंच खाली बसले, पाना मागितला आणि पट्टीवरचे पाचही फ्लॅश एकेक करून सोडवले. एकाचा उजेड बघून दुसरा आपोआप चमकेल असे छोटे डोळे तोवर बाजारात आले होते, ते ह्यांच्या पेटीत होते. एक फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवला. उरलेल्या चारांना ते डोळे लावून ते चौघी आयांच्या हातांत दिले आणि त्यांना हॉलच्या दोन्ही बाजूंनी, पार मागपर्यंत, बाकांवर चढवलं.

"वर धरा! आणखी वर! भाकरी थापता ना, मग हात दुखला कसा?"

"भाकरी खाली बघून थापतात, अक्का!" एक जण ओरडली आणि सगळा हॉल हसला.

अर्धापूरच्या बाईला मी मागच्या रांगेजवळ उभी केली होती. तिचा फ्लॅश तिच्या पोरीपासून चार हातांवर होता. मी तीन वेळा बटण दाबलं. नव्या डिजिटल कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागची रांग मोठी करून बघितली. चेहरा न् चेहरा आला होता. एकाच्या तोंडात पेढा होता, तोसुद्धा.

नातीला मी एवढंच सांगितलं की छोटे फ्लॅश खुशाल घे, पण पट्टी घेऊ नको. मोठा लाइट परवडेल तेव्हा तोही घे, आणि वीज जाणार हे धरून चाल. ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही?" मी म्हणाले, "म्हणजे मागं कोण उभं आहे ते आधी बघ." तिला ते उत्तर वाटलं नाही. पस्तिशीत मलाही वाटलं नसतं.

त्या दिवशी हॉल रिकामा झाला, पोरं डब्यांवर तुटून पडली. मी सेल काढत बसले होते. ती बाई आली, तिला पडद्यावर तिची पोर दाखवली. तिनं बोट टेकवलं. मग पिशवी खाली ठेवून म्हणाली, "आता माझा एक काढा. एकटीचा. पोरीला लागंल पुढं."

व्हरांड्यात उजेड भरपूर होता, फ्लॅशची गरज नव्हती. "असू द्या, लावाच," ती म्हणाली. मी तिला भिंतीपुढं उभी केली. फ्लॅश भरायला वेळ लागत होता, बारीक शिटीसारखा आवाज येत होता.

"हसू का न्हाई?" तिनं विचारलं.

"तुमच्या मनानं."

तिनं थोडा विचार केला. "न्हाई हसत. रागावलेली असले तरच पोर मला वळखते."

आणि तिनं कपाळाला आठ्या घातल्या.