डावीकडची सीट

आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की मी त्या मुलीवर जळते. कशासाठी जळते हे मात्र एकालाही नीट कळलं नव्हतं, आणि बरेच दिवस मीही कुणाला कळू दिलं नाही.

माझ्या नवऱ्याची बुऱ्हाणपुरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक पांढरी गाडी, तिच्या छपरावर पिवळा बोर्ड, मागेपुढे लाल ‘एल’, आणि घराला लागूनच असलेल्या ऑफिसच्या खोलीत भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते. आरटीओने दिलेला परवाना काचेच्या फ्रेममध्ये लावलाय, तोही देवाच्या फोटोपेक्षा वर. आधी शिकायला सगळे पुरुषच यायचे. मग हळूहळू बायका यायला लागल्या. शाळेतल्या मॅडम, बहादरपूरच्या केळीवाल्यांच्या सुना, बुरखा घालून येणाऱ्या कॉलेजच्या मुली. फी किती हे विचारायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "लेडीज सिखानेवाली है क्या?"

नव्हती. त्या परत जायच्या आणि हे दारात उभे राहून त्यांच्या पाठीकडे बघत बसायचे.

मला वाटलं, नाही कशी? मी आहे ना. माहेरी निंबोल्याला मी लग्नाआधीच वडिलांचा पिकअप चालवत होते. लग्न झाल्याबरोबर रीतसर लायसन काढलं. शहराच्या जुन्या दरवाज्यातून समोरून रिक्षा येत असताना मी गाडी काढते आणि आरशाला धक्का लागू देत नाही; आमचे हे इतकी वर्षं शिकवतात, तरी त्या दरवाज्यात अजून श्वास रोखून धरतात. एकदा जेवायला वाढता वाढता मी म्हटलं, "बायकांना मी शिकवते. उद्यापासून."

त्यांनी घास खाली ठेवला. "इन्स्ट्रक्टरले नियम हाय. दहावी पास पाहिजे, पाच वर्षं गाडी चालवायचा अनुभव पाहिजे, अन् मोटार मेकॅनिकच्या कोर्सचं सर्टिफिकेट पाहिजे. तुह्याजवळ हाय का?"

"दहावी काय, मी बारावी आहे. पाच वर्षं कधीच झाली."

"अन् सर्टिफिकेट?"

सर्टिफिकेट नव्हतं. मी म्हटलं, शिकवायचं गाडी चालवायला, गाडी खोलायला नाही. आणि तुमच्याजवळ ते सर्टिफिकेट असून तुम्ही साध्या पंक्चरसाठीसुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानात जाता. ते म्हणाले, ज्याचं नाव परवान्यावर नाही त्याने शिकवलेलं आरटीओला कळलं तर स्कूल बंद होईल, मग तू अन् मी दोघं केळी विकू. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. नवरा चुकीचं बोलला तर भांडता तरी येतं. बरोबर बोलला की नुसता राग येतो आणि तो भांड्यांवर निघतो.

मग ती आली.

पेपर मिलच्या कॉलनीत वाढलेली मुलगी. तिच्या आजोबांच्या वेळी घरातले सगळे मिलमध्ये नोकरीसाठी विदर्भातून इकडे आलेले. अठरा पूर्ण झाल्याबरोबर वडिलांनी तिचं लायसन काढून दिलं होतं, आणि आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स तिने हौसेने केला होता. हौसेने! माझ्या वयाच्या बायकांनी हौसेने भरतकाम केलं. हे तिची कागदपत्रं घेऊन आरटीओत गेले, परवान्यावर तिचं नाव चढलं, आणि लगेच ती आमच्या गाडीत डावीकडच्या सीटवर बसली. ती सीट, जिच्यावर बसून मी वाट्टेल त्या बाईला गाडी शिकवली असती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाईट याचं की ती चांगलं शिकवायची. पहिल्या दिवशी गाडी सुरूच करायची नाही. बॉनेट उघडून शिकणारीला उभं करायची आणि काय कुठे आहे ते दाखवायची, स्वयंपाकघरातले डबे दाखवावेत तसं. मी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने बघत राहायचे. एकेक चादर दोनदोनदा झटकून व्हायची. खाली बायका हसायच्या, तीही हसायची. महिनाभरात आमच्या दारात स्कूट्यांची रांग लागायला लागली आणि मोहल्ल्यामोहल्ल्यातून निरोप यायला लागले, की मैडम असतील तरच आमची मुलगी येईल. मैडम! मला अजून सगळे भाभीच म्हणत होते.

रविवारी गाडीला सुट्टी. त्या दिवशी आम्ही देवळात नाहीतर निंबोल्याला जायचो. मी डावीकडे बसले की पाय पुढे पोचायचे नाहीत, कारण ती उंच आणि सीट पार मागे ढकललेली. मी खटकन पुढे ओढायचे. सोमवारी ती मागे ढकलायची. पुढच्या रविवारी मी पुन्हा पुढे. हे आमचं भांडण महिनोन्‌महिने चाललं, आणि तोंडाने आम्ही दोघी एकमेकींना फक्त "चहा घेणार का?" आणि "नको ताई, आत्ताच झाला" एवढंच म्हणायचो.

गल्लीला माझा चेहरा वाचायला कितीसा वेळ लागणार? शेजारच्या काकू एका दुपारी भज्यांची ताटली घेऊन आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "बाई, जरा बरी साडी नेसत जाय. तिकडे ते दोघं दिवसभर एका ऑफिसात, अन् तू या गाऊनमध्ये."

समोरची भाभी त्याहून पुढची. "आजकल की लड़कियों का भरोसा नहीं, भाभी. चाबी भी उसी के पास रहती है ना?"

रहती थी. चाबी तिच्याजवळ राहायची आणि तेच मला डाचत होतं. पण भाभीला वाटत होतं ते वेगळंच. मी सांगू शकले असते की अहो, माझ्या नवऱ्याचा काही प्रश्न नाही, ते त्या मुलीशी बोलताना सुद्धा खाली बघतात आणि घरी येऊन फक्त डिझेलचे भाव सांगतात. नाही सांगितलं. नवऱ्यावरून जळणाऱ्या बाईला गल्ली भजी आणून देते. गाडीच्या सीटवरून जळणाऱ्या बाईला हसली असती. मी पदराने डोळे टिपले, भजी खाल्ली, आणि तिखट कमी पडलंय हे मनातच ठेवलं.

गल्लीतलं बोलणं फिरत फिरत यांच्या कानावर गेलंच. एका संध्याकाळी ते चहाच्या कपापाशी बसले, घसा खाकरला, आणि एखादी मोठी भेट द्यावी तशा आवाजात म्हणाले, "मी तिले सांगून देतो. पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून. लेडीज बॅच बंद. तू मनाले लावून नको घेऊ."

ती गेली की लेडीज बॅच गेली, बॅच गेली की बायका गेल्या, आणि मग ती सीट कायमची रिकामी. मी ओरडलेच, "तिला काढू नका!"

"अं?"

"मला ती जायला नकोय. मला तिच्या जागी बसायचंय. मला शिकवायचंय. मी तिच्यावर जळते ती त्या सीटसाठी, कळलं? रोज गच्चीवरून बघते आणि जळते."

मला वाटलं आता हे सुटल्यासारखं हसतील. हसले नाहीत. उलट म्हणाले, "म्हणजे मह्यासाठी काहीच नाही?"

"तुमच्यासाठी कशाला?"

"एवढी गल्ली बोलून राहिली. मले वाटलं तुले जलन होत असंन." आणि कप तसाच ठेवून ते ऑफिसात निघून गेले. चांगले दोन-तीन दिवस तोंड पाडून होते. माणसाची जात बघा, बायको जळत नाही म्हणून रुसून बसले! मी त्यांना समजवायला गेले नाही. माझंच मला पुरे होतं.

पण मुलगी राहिली. आणि आता घरात बोलून झालंच होतं, तर लाज कशाची म्हणून मी सरळ तिच्याकडे गेले. ती गाडीच्या टपावरचा बोर्ड पुसत होती. मी विचारलं, "तो कोर्स या वयात करता येतो का गं?"

"येतो की, ताई. आयटीआयला वरच्या वयाची अडचण नाही येत. फॉर्म निघाले की मी सांगते." मग फडकं पिळता पिळता म्हणाली, "सीट तुम्ही ओढत होतात का पुढे? मला वाटायचं सर ओढतात."

तिला राग आला नव्हता. हेही मला आवडलं नाही. ज्याच्यावर जळायचं त्याने निदान थोडं वाईट असावं, म्हणजे जळणाऱ्याला बरं पडतं. ही मुलगी तेवढीही सोय ठेवत नव्हती.

मी प्रवेश घेतला. खाकी शर्ट-पँट घालून, माझ्या भाच्यांच्या वयाच्या मुलांमध्ये. हातांवरच्या ग्रीसचा वास कणकेला लागायचा आणि हे पोळी तोंडाशी नेऊन थांबायचे, मग खायचे. पिस्टन, कार्बन, क्लच प्लेट. मी घरी येऊन मोठ्याने पाठ करायचे. मला ते जमायला लागलं, आणि खरं सांगते, आवडायलाही लागलं. तिथे तरी ती नसेल असं वाटलं होतं. पण गिअरबॉक्स उघडायच्या दिवशी माझा एक नट फिरता फिरेना, तेव्हा आयटीआयचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "एक पेपर मिल की लड़की थी, उसने पहली बार में खोल दिया था." मी तो नट इतक्या जोराने फिरवला की पाना सटकून अंगठ्याची साल गेली. नट मात्र निघाला.

कोर्स झाला, सर्टिफिकेट आलं. मी ते यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "चाल, आरटीओत जाऊ." एवढं सरळ बोलतील असं वाटलं नव्हतं. परवान्यावर माझं नाव चढलं. आता एका गाडीला दोन बायका इन्स्ट्रक्टर, असं कसं चालणार, याची मी मनातल्या मनात तयारी करत होते. कोणती बॅच माझी, कोणती तिची. तिच्यापेक्षा माझ्या बायका जास्त पास झाल्या पाहिजेत. सगळं ठरवून ठेवलं होतं.

आणि ती पेढे घेऊन आली. इंदूरकडे सरकारमान्य, नव्या पद्धतीचं मोठं ट्रेनिंग सेंटर निघालं होतं. तिथे स्वतःचा ट्रॅक असतो, पडद्यावर रस्ता दाखवून खुर्चीत बसवूनच आधी गाडी शिकवतात, आणि तिथून पास झालेल्याला आरटीओत पुन्हा टेस्ट द्यावी लागत नाही. तिथे तिला घेतलं होतं. "तुम्ही आहात म्हणून मला जाता येतंय, ताई," ती म्हणाली आणि वाकून नमस्कार केला.

मी पेढा खाल्ला, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि आतून पेटले. तिला उठवून मी बसणार होते. हिने स्वतःच उठून जागा दिली, तीही वरच्या जागी जाण्यासाठी. पडद्यावरचा रस्ता! मला तर तो बघायलाही मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून डावी सीट माझी. मी ती पुढे ओढली, आणि ती पुढेच राहिली. पहिली शिकणारी जैनाबादची एक तरुण मुलगी होती, बोलायला मोकळी. तिचा अर्धा कोर्स आधीच झालेला होता. मी तिला तापीच्या पुलावर नेलं, तिच्याच घराच्या वाटेवर, म्हणजे घाबरणार नाही. समोरून केळीचा भरलेला ट्रक आला. जागा होती, तशी भरपूर होती. तिने स्टिअरिंग थोडं उजवीकडे जाऊ दिलं आणि माझा पाय आपोआप खाली गेला. शिकवायच्या गाडीत डावीकडेही ब्रेक असतो, नियमच आहे तो. गाडी गचका देऊन पुलाच्या मध्यावर बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ उडाला.

मुलगी घाबरली नाही. तिने माझ्या पायाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वो वाली मैडम तो कभी ब्रेक नहीं मारती थीं," ती म्हणाली. तक्रार नव्हती. सहज सांगितलं, एखादी गोष्ट आठवावी तसं.

मला ते लागलं. एवढं शिकून, ग्रीसमध्ये हात घालून, परवान्यावर नाव चढवून मी इथवर आले होते, आणि माझ्या आधी तीच इथे बसलेली होती. यापुढे येणाऱ्या प्रत्येकीच्या आठवणीतही तीच बसलेली असणार. मागचा टेम्पोवाला तर आता हॉर्नवरून हात काढायला तयार नव्हता.

"मैं मारती हूँ," मी म्हटलं. "चल, चालू कर गाड़ी."