जुन्या गेटवेवरचा शेवटचा फोन

आमचं घर वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावाच्या टोकाला, डोंगराच्या अगदी पोटाशी आहे. मोबाइलच्या टॉवरचा सिग्नल तिथवर पोचत नाही. घर घेतलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "तू मोबाइल कंपनीत आणि घरात रेंज नाही. ऑफिसात सांगू नकोस हं, हसतील."

रेंज नसलेल्या घरात फोन वाजतो तो वायफायमुळे, आणि तो वाजेल अशी व्यवस्था पाहणं हेच माझं काम. फोन घरच्या वायफायवरून इंटरनेटवर जातो आणि कंपनीच्या जाळ्याच्या दाराशी येऊन उभा राहतो. त्या दाराला आम्ही गेटवे म्हणतो. फोनमधलं सिम तिथे आपली ओळख पटवतं, मग फोनपासून गेटवेपर्यंत एक बंदिस्त वाट तयार होते, आणि पुढच्या यंत्रणेला तो फोन कुठल्याही टॉवरखालच्या फोनसारखाच वाटतो. अधूनमधून फोन 'आहे' एवढंच कळवत राहतो. तेवढं गेटवेला पुरतं. फोन कोणाच्या हातात आहे, हे तो विचारत नाही.

नवरा गेल्या हिवाळ्यात गेला. तो हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट होता. कामावरच छातीत दुखू लागलं आणि आजूबाजूला सगळे डॉक्टर असूनही काही करता आलं नाही. त्याच्या कपड्यांबरोबर त्याचा फोन माझ्या हातात दिला गेला, चालू असलेला. मी तो घरी आणून ओट्यावर मिक्सरशेजारी चार्जरला लावला, तो तिथेच राहिला. बंद करायची सोय नव्हती. त्याच्या फोनचं कुलूप उघडायचा आकडा मला ठाऊक नव्हता, आणि सिमलाही त्याने वेगळा पिन घातला होता. एकदा बंद झाला असता तर सुरू होताना त्याने दोन्ही विचारलं असतं. मी हे आकडे त्याला कधी विचारले नव्हते. हाक मारली की ओ देणारा माणूस, त्याच्या फोनशी मला काय करायचं होतं.

आलेला फोन मात्र कुलूप न उघडता घेता येतो, आणि रविवारी दुपारी, पुण्यात सकाळ झाली की, सासूबाईंचा फोन यायचा. त्यांची नजर आता फार अधू आहे. शेजारच्या मुलीने त्यांना व्हिडिओ कॉल लावून देऊ का विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला दिसत नाही ते काय बघू? कान शाबूत आहेत माझे." त्या घरच्या जुन्या टेलिफोनवरून बटणं चाचपत नंबर लावतात. मुलगा परदेशी आल्यापासून बोटांना तो एकच नंबर सवयीचा झालेला. तो गेल्यावर मी त्यांना माझा नंबर सांगितला होता. त्यांनी पाठही केला. पण लागायचा त्याचाच.

"बोटं तिकडेच जातात गं," त्या म्हणाल्या. "वाजतोय ना, मग असू दे."

म्हणून तो वाजत राहिला पाहिजे, एवढंच मला कळत होतं.

या वर्षी ऑफिसात जुना गेटवे काढून नवा बसवायचं काम निघालं. असं काम आम्ही हळूहळू करतो. जुन्या गेटवेवर नवीन फोन घेणं थांबवायचं आणि आधीचे आपापले निघून जाण्याची वाट बघायची. कोणी घराबाहेर पडतं, कोणी फोन बंद करून चालू करतं, की ते नव्यावर जातात. शेवटी थोडे उरतात. नवा गेटवे जुनं कूटलेखन, म्हणजे ती वाट बंदिस्त करायची जुनी पद्धत, मान्य करत नाही, आणि ज्या जुन्या फोनांना नवं येत नाही ते बाहेरच राहतात. अशांना दार बंद करण्याआधी फोन करून सांगायचं, असा आमच्या गटाचा रिवाज आहे. ते काम माझ्या समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे होतं. निवृत्तीला आलेला, इथलाच, बोलका गोरा माणूस.

त्या आठवड्यात घरी आले तर नवऱ्याच्या फोनवर एक चुकलेला फोन दिसला. नंबर नाही, नुसतं 'खाजगी'. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशीही. ऑफिसला जाताना आगगाडीत रोजच्यासारखं पुस्तक उघडून बसायचे आणि त्याच पानावर वेलिंग्टनला उतरायचे. कोण असेल? हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मराठी मंडळातले तर घरी येऊन गेले होते. तरी कोणीतरी असं होतं, ज्याच्या लेखी तो अजून फोन उचलणारा माणूस होता. खरं सांगायचं तर मला त्या अनोळखी माणसाचा थोडा हेवा वाटला.

शुक्रवारी सकाळी सहकारी हेडसेट सारखा करत म्हणाला, "एक पठ्ठ्या उचलतच नाही बघ. अप्पर हटचा आहे, तुझ्या गावचा. सारखा घरच्या वायफायवर. हलत नाही, उचलत नाही. स्वीट अ‍ॅज. मजेत आहे गडी. असं जगता आलं पाहिजे."

"नंबर काय त्याचा?" मी विचारलं.

त्याने शेवटचे आकडे वाचले.

"तो माझा नवरा आहे," मी म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे, फोन त्याचा आहे."

सहकारी अंत्यविधीला आला होता, त्याला न शोभणारा सूट घालून. आता त्याने हेडसेट काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे इतके दिवस मी तुझ्या घरात फोन वाजवत होतो," तो म्हणाला.

"घरात कोणी नव्हतं."

"सोमवारपर्यंत त्या गेटवेला मी हात लावत नाही," तो म्हणाला. "साहेब विचारतील, त्यांचं मी बघतो. तुला काय करायचं ते कर."

करायचं काय ते मला आधीपासून ठाऊक होतं. नंबर माझ्या नावावर करून घ्यायचा आणि त्याचं नवं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालायचं. त्यासाठी खातेदार हयात नाही असं कंपनीला कळवावं लागणार होतं. बँकेला कळवलं होतं, कर खात्याला कळवलं होतं. माझ्या रजेच्या निमित्ताने ऑफिसातही सर्वांना माहीत होतं. ग्राहकांच्या नोंदीत तेवढा तो राहिला होता, आणि मी तिकडे गेले नव्हते.

मधल्या सुट्टीत इमारतीबाहेरच्या बाकावर बसून मी आमच्याच ग्राहक सेवेला फोन लावला. वाऱ्यात ते वाट बघायला लावणारं संगीत तुटक ऐकू येत होतं. मग एका तरुण मुलीने इथल्या पद्धतीने नमस्कार केला, "किया ओरा." मी काम सांगितलं.

"खातेदारांना फोनवर देता का? त्यांची परवानगी लागेल."

"ते वारले."

पलीकडे बटणांचा आवाज थांबला. "फार वाईट वाटलं ऐकून," ती म्हणाली. थोड्या वेळाने बटणं पुन्हा वाजू लागली. कागदपत्रं पाठवली आणि संध्याकाळपर्यंत सगळं झालंही. इतकं सोपं असायला नको होतं असं मला वाटत राहिलं.

शनिवारी कपाटातला माझा आधीचा फोन काढला, त्यात ऑफिसातून आणलेलं नवं सिम घातलं, वायफाय जोडलं. तो नवऱ्याच्या फोनाइतका जुना नव्हता, नव्या गेटवेवर गेला. ओट्यावरच्या फोनवर 'सिम चालत नाही' अशी ओळ आली. त्याखाली वेळ दिसत होती आणि ती पुढे सरकत होती. मी गॅस पुसला, सिंक पुसलं, तेवढा कोपरा सोडून.

रविवारी दुपारी मागच्या खोलीत वाचत होते. कसलीतरी बारीक धून वाजत होती. शेजाऱ्यांकडे असेल असं वाटलं. नवऱ्याच्या फोनची बेल जुन्या टेलिफोनसारखी खणखणीत होती. धून थांबली आणि पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी धावले.

"उचलायला किती वेळ?" सासूबाई म्हणाल्या.

"बेल ओळखू आली नाही, आई. फोन बदललाय."

"नंबर तोच लागला ना मला?"

"तोच. आता माझ्या नावावर आहे."

"आणि त्याचा फोन?"

"ओट्यावर आहे. वाजणार नाही आता तो."

मागे त्यांच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची आरोळी ऐकू आली आणि लांब गेली.

"मग चार्जरवरून काढ तो," त्या म्हणाल्या. "तापत राहील उगाच."

"काढते."

"आत्ता काढ. मी आहे फोनवर."

मी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात गेले आणि वायर काढली. फोन खरंच गरम होता.

"काढला?"

"काढला, आई."

"बरं. जेवलीस का तू?"