सबुरीताईची घाई

प्रयोगशाळेत तिला सगळे सबुरीताई म्हणत, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. ज्यांना मूल होत नाही अशांचे गर्भ तिथे आईच्या पोटाबाहेर पहिले काही दिवस वाढवले जात. ते सांभाळणं हे तिचं काम. नव्याने रुजू झालेल्याला ती आधीच बजावायची, "यांना साखर कोंबायची नाही. मागतील तेव्हाच द्यायची."

त्या खोलीत उजेड मंद, मधाच्या रंगाचा. उबदार पेटीची घरघर एका सुरात चाललेली असे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की तिच्यापुरत्या भिंती विरघळत, आणि बशीतल्या तेलाच्या थराखालच्या, पोषक द्रवाच्या थेंबात तो जीव दिसे. दोन पेशी, मग चार, एकमेकींना टेकून पेंगणाऱ्या. एवढ्या लहानपणी त्यांना ग्लुकोज फारसं मानवत नाही. पायरुवेट नावाच्या हलक्या खाण्यावर त्यांचं भागतं. साखर जास्त झाली तर काहींची वाढच अडते. पुढे पेशी घट्ट बिलगतात, आत पाण्याची पोकळी धरते, आणि हेच मिताहारी महाशय ग्लुकोजवर असे तुटून पडतात की पुरवणाऱ्याच्या नाकी नऊ यावेत. म्हणून थेंब दोन तऱ्हेचे, आधी कमी साखरेचा, मग जास्त साखरेचा. तिसऱ्या दिवशी सकाळी गर्भ दुसऱ्या थेंबात हलवायचे, पण जो मागे राहिलाय त्याला पहिल्याच थेंबात राहू द्यायचं, हा नियम सबुरीताईनेच घातलेला.

घरी मात्र ही बाई अगदी उलटी. आई लवकर गेली तेव्हा धाकटी बहीण हिच्याच पदरात पडली, आणि हिने चमचा घेऊन तिच्यामागे घरभर धावण्यात आपलं तरुणपण घालवलं. धाकटीच्या लग्नानंतर मेहुण्याला वाढताना 'पुरे' हा शब्द तिला ऐकू येत नसे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्याच धाकटीचा गर्भ आता पेटीत होता. एकच. यापुढे प्रयत्न करता येणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं. बहिणीच्या गर्भाची बशी दुसऱ्या कुणीतरी हाताळावी, असंही त्यांनी सुचवून पाहिलं, पण सबुरीताईने ऐकलं नाही. दुसऱ्याच्या हातावर तिचा भरवसा नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळा लावला. इतरांच्या आठ पेशी झालेल्या, याच्या चारच. ती बघत राहिली. बघता बघता तो थेंब मोठा होत गेला, आणि त्यात एक किडकिडीत पोर बसलंय, तोंडाने काही न बोलता तिच्याकडे बघतंय, असं तिला वाटू लागलं. नियम तिला पाठ होता. कळत होतं, वळत नव्हतं. तिने बारीक नळीने तो जीव अलगद उचलला आणि साखरेच्या थेंबात सोडला. त्या क्षणी तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

चौथ्या दिवशीही चारच पेशी होत्या. त्याच्या पुढच्या दिवशी त्या काळवंडल्या.

साखरेने झालं की तो तसाही थांबला असता, हे कुणीच सांगू शकत नाही. मागे पडलेले बरेचदा थांबतात, असं डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. सबुरीताईने मान हलवली, बशी बाजूला ठेवली, हात धुतले आणि रजा टाकून धाकटीच्या घरी गेली.

मेहुण्याने दार उघडलं, तिचा चेहरा पाहिला आणि आत स्वयंपाकघरात निघून गेला. धाकटी खिडकीजवळच्या पलंगावर पडलेली. तिला सांगायला दोन शब्द पुरले. ती रडली नाही.

"उपाशी तर नव्हतं ना गं?" तिने विचारलं.

थोरलीला नुसतं 'नाही' म्हणून सुटता आलं असतं. तिला ते सुचलंही.

"नाही," ती म्हणाली. "मी भरवलं त्याला. त्याला नको असताना भरवलं. घाई केली मी."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे सरकून तिने पलंगावर जागा केली.

"ये," ती म्हणाली. "पड जरा."