चौथ्या भावाचं पान

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी रक्तदाबाचं कारण काढलं, कधी बायकोच्या माहेरची अब्रू पुढे केली. खरं कारण एवढंच, की या गोष्टीतला मूर्ख मी आहे. माझे साडू मात्र असे होते, की स्वतःच्या खापरपणजोबांच्या इतक्या सहवासात राहिलेला माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. कोपरला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वागळे इस्टेटमध्ये स्प्रिंगांच्या कारखान्यात नोकरी. पण गृहस्थ मनाने कायम कल्याण बंदरात. दीड शतकापूर्वी त्यांच्या घराण्याची सात गलबतं खाडीतून सागवान घेऊन मस्कतला जात आणि खजूर घेऊन परत येत. साडू हे भूतकाळात सांगतच नसत. "आमचं मोठं गलबत सध्या मस्कतला अडकलंय," असं ते जेवता जेवता म्हणत, आणि आमची मेहुणी आमटी वाढत म्हणे, "सुटलं की त्यातून दोन किलो तांदूळ मागवा. डबा रिकामा झालाय." पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला कल्याणच्या खाडीवर नेत आणि चिखलावर छत्री रोखून सांगत, "हा आमचा धक्का. सांभाळून, पाय घसरेल." एकदा स्वतःच घसरले. गुडघाभर गाळातून वर येत म्हणाले, "आमची भरतीची वेळ चुकली."

या घराण्याचा इतिहास ते वीस वर्षं लिहीत होते. थोरले कल्याणात, दुसरे मुंबईच्या पेढीवर, तिसरे मस्कतला, असे खापरपणजोबांच्या पिढीतले तीन भाऊ सापडले होते. वंशावळीत चौथ्याची नुसती रेघ होती; नावाच्या जागी वाळवीने भोक पाडलं होतं. जन्माला आलेल्या माणसाचं नावसुद्धा उरू नये, याचं साडूंना घरातलं कुणी हरवल्यासारखं दुःख होई. एका रविवारी ते मोडी लिपीतला एक जुना कागद घेऊन ठाण्याला माझ्याकडे आले. मी शाळेत मराठी शिकवायचो, आणि त्यांच्या लग्नाच्या पंगतीत नव्या साडूवर छाप पाडायला "मोडी? वाचतो की!" असं बोलून गेलो होतो. प्रत्यक्षात मला मोडीतली चार अक्षरं येत होती, तीही एकमेकांना चिकटली नाहीत तरच.

"मास्तर, यात आमच्या चौथ्याचं काही लागतंय का बघा."

मी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, दोनदा "हं" केलं. तिथेच कबूल करायला हवं होतं. पण बायको दारात कौतुकाने उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते कौतुक फारसं दिसत नसे. मी वाचू लागलो. चौथ्याचं नाव राघोबा. बाविसाव्या वर्षी गलबतावर गेला, वादळात बुडाला, लग्न झालं नव्हतं. शाळेत मी एकही धडा इतका सुरेख वाचला नसेल.

साडूंचे डोळे भरले. "म्हणजे मास्तर, आजवर त्यांना कुणी पाणीच दिलं नाही."

त्या वर्षापासून सर्वपित्रीला साडू राघोबाच्या नावाने तर्पण करू लागले, गच्चीवर त्याचं वेगळं पान मांडू लागले, आणि राघोबाचा शोध लावणारा म्हणून मला मानाने जेवायला बोलावू लागले. पहिल्याच वर्षी त्यांच्या सख्ख्या वडिलांच्या पानाला कावळा तासभर शिवला नाही. माझ्या बनावट पूर्वजाच्या पानावर मात्र त्याने झडप घातली. "तृप्त झाले!" साडू म्हणाले. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, घ्या ना आणखी एक वडा." मी घेतला. खिरीलाही नाही म्हटलं नाही. असे नऊ पितृपक्ष मी जेवलो.

मग इतिहास छापायला जायची वेळ आली. त्यात राघोबाला अकरा पानं होती. मी ऐकवलेल्या तीन वाक्यांत साडूंनी आपला सगळा जीव ओतला होता. मी घाबरलो. त्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडे होती, ती एका जाणकाराला दाखवली. त्यांनी ती दोन मिनिटांत वाचली. बैलाचं पोट फुगल्यास ओवा नि हिंग किती द्यावं, एवढाच मजकूर. छापायच्या आत सांगायचंच, असं ठरवून मी कोपरला गेलो. साडू हृदयविकाराने अंथरुणाला खिळले होते. मी खुर्ची ओढली, घसा साफ केला. तेवढ्यात तेच म्हणाले,

"मास्तर, मला तुमची माफी मागायचीय."

"माझी?"

"पुस्तक तुम्हाला अर्पण करणार होतो. पण शेवटी राघोबांना केलं. त्यांना आपल्याशिवाय कुणी नाही हो. राग नाही ना आला?"

"छे, छे," मी म्हणालो. "योग्यच केलंत."

म्हणजे माफी त्यांनी मागितली आणि मी ती मोठ्या मनाने देऊन तीन मजले उतरलो. खाली फाटकापाशी स्वतःची लाज वाटली. परत चढलो. दारापर्यंत पोचलो तर आतून आवाज आला, "बघ, मी म्हणत नव्हतो? मास्तर नाही रागावले!" किती दिवसांनी तो आवाज इतका खुशीत होता. मी बेलवरचं बोट काढून घेतलं. पुढच्या रविवारी सांगू, म्हटलं. साडू गुरुवारी गेले.

दारात उभं राहून मनातल्या मनात घोकलेलं ते वाक्य काही मोठं नव्हतं. अहो, मला मोडी येत नाही. मला क्षमा करा.