आरवणारी कोंबडी आणि घरातल्या दोघी

आमची कोंबडी आरवली त्याच आठवड्यात मी भर वर्गात 'खडू' हा शब्द विसरले. "ते पांढरं, लिहायचं, द्या रे कोणीतरी," असं म्हणून हात पुढे केला, तर पुढच्या बाकावरच्या मुलीनं मला रुमाल दिला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे कळायला मला पंधरा दिवस लागले. आणि मी बारावीला जीवशास्त्र शिकवत होते.

कोहमाऱ्याच्या चौकापासून थोडं आत, हायवेवरच्या ट्रकांचे भोंगे ऐकू येतील इतक्या अंतरावर आमचं गाव. भारनियमनाची वर्षं होती ती. घरात माणसं तीनच: मी, प्राथमिक शाळेत शिक्षक असलेला माझा नवरा आणि सासूबाई, ज्यांना मी आई म्हणायचे. सासरे वारले होते, पण घरात त्यांचा धाक शिल्लक होता. छप्पन साली तरुणपणी त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव, गंडे, ताईत, लिंबू, सगळं तळ्यात सोडलं, ही गोष्ट मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी सांगितली होती. या घरात शकुन-अपशकुन चालत नाही, हे पाण्याचा माठ कुठे आहे हे कळण्याआधी मला कळलं.

कोंबडी आईंची होती. रंगानं तांबडी, म्हणून नावही तांबडीच. चार वर्षं तिनं इमानेइतबारे अंडी दिली, पिल्लं वाढवली, एकदा तर मुंगसावर धावून गेली. त्या पावसाळ्यानंतर तिनं अंडी बंद केली. मग डोक्यावरचा तुरा वाढून लालभडक झाला, पायांना मागून टोकदार नखं फुटली, ती मान ताठ करून चालायला लागली, आणि जानेवारीतल्या एका सकाळी कौलांवर चढून आरवली. ते आरवणं काही कोंबड्यासारखं नव्हतं. सुरुवात झोकात व्हायची आणि शेवट घशात अडकायचा. त्यामुळे ऐकणाऱ्याला लगेच कळायचं की ही कोंबडीच आहे.

आमच्याकडे कोंबडी आरवली की ती कापतात. नाहीतर घराचं वाईट होतं म्हणे. आमच्या घरात अर्थातच हे कोणी मानत नव्हतं. नवरा शाळेत अंधश्रद्धेवर दरवर्षी पंधरा मिनिटं भाषण करायचा. तो म्हणाला, अपशकुन वगैरे काही नसतो, पण ती आता अंडी देत नाही, दाणे फुकट खाते, तेव्हा शास्त्रीयदृष्ट्या विचार केला तर तिला कापायला हरकत नाही. फक्त लवकर कापावी, एवढंच त्याचं म्हणणं. शास्त्राला घाई कशाची झाली, असं मी विचारलं तेव्हा त्यानं पेपर उघडला.

खरी घाई शेजारणीला होती. तिच्या मुलीला बघायला रविवारी नवेगाव बांधहून पाहुणे येणार होते. दोन स्थळं आधी मोडली होती. कुंपणापलीकडे अशी कोंबडी ओरडत असताना कोण होकार देईल, म्हणून बिचारी रोज येऊन आईंसमोर बसायची आणि काही न बोलता तांबडीकडे बघायची. रविवारच्या आत कोंबडी जायला हवी, हे अशा रीतीनं सर्वानुमते ठरलं. नवऱ्यानं एक मधला मार्गही काढून पाहिला. कोहमाऱ्याच्या ढाबेवाल्याला घरी बोलावलं. त्यानं तांबडीला उचललं, दाबून पाहिलं आणि खाली ठेवलं. "सर, ये तो गलेगी नहीं," म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

इकडे माझं वेगळंच चाललं होतं. जानेवारीच्या थंडीत मी रजई फेकून उठायचे, अंग भट्टीसारखं तापलेलं, आणि पंखा लावावा तर वीज नाही. दहा मिनिटांनी घामानं गार पडून तीच रजई शोधायचे. हनुवटीवर एक केस उगवला होता, जाड आणि हट्टी. एका विद्यार्थ्याचं प्रॅक्टिकलचं जर्नल मी खिडकीबाहेर फेकलं आणि मग स्वतःच जाऊन घेऊन आले. सगळ्यात भीती वाटत होती ती शब्दांची. माझी माहेरची आई शेवटच्या दिवसांत मला ओळखत नव्हती. खडू गेला, उद्या परागकण जाईल, परवा वर्गातल्या मुलांची नावं, अशी मी मनातल्या मनात यादी करायचे आणि कोणाला सांगायचे नाही. मला फार भीती वाटत होती.

शेवटी बस पकडून गोंदियाला डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पाच प्रश्न विचारले, पाळी कधीपासून अनियमित आहे ते विचारलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, आप तो खुद बायोलॉजी पढ़ाते हो ना?" एवढंच म्हणाल्या. मी इतकी ओशाळले की फी न देताच बाहेर आले आणि परत आत गेले.

वीस वर्षं मी संप्रेरकांचा धडा शिकवला होता. फळ्यावर इस्ट्रोजेनची चित्रं काढली होती. ते रक्तातून फिरतं, पेशीत शिरतं, तिथल्या आपल्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, जाऊन चिकटतं, मग ती जोडी गुणसूत्रावर जाऊन बसते आणि काही जनुकं चालू करते, काही बंद. हे सगळं मला तोंडपाठ होतं. फक्त फळ्यावरची ती पेशी माझीही असू शकते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी स्वतःला बऱ्याच शिव्या दिल्या. साकोलीच्या आसपास कधीतरी, नेहमीसारखी आग अंगात उसळली आणि मला एकदम तांबडी आठवली. साकोली तर वाटेत लागतच नाही. मी कोहमाऱ्याला उतरायचं विसरून दुसऱ्या रस्त्याला लागले होते.

घरी पोचले तो शनिवारची दुपार कलली होती. आई अंगणात पावशी घेऊन बसल्या होत्या. पावशी म्हणजे आमच्याकडची विळी. बाजूला टोपल्याखाली तांबडी. पहिल्या शीलाला, म्हणजे जीवहत्या न करण्याला, आमच्या घरात रविवारी थोडी सवलत असायची, या खेपेला ती एक दिवस आधीच घेतली होती, आणि ते काम नेहमी आईच करायच्या. पण त्या दिवशी पावशीला धार लावून झाली तरी त्या बसूनच होत्या.

मी पिशवीसुद्धा खाली न ठेवता बोलायला सुरुवात केली. आईंना पेशी आणि ग्राही सांगून काय उपयोग, म्हणून वायरमन सांगितला. गावात तारा सगळीकडे आहेत, दिवे सगळ्या गल्ल्यांत आहेत. पण कोणत्या गल्लीत उजेड पाडायचा हे वायरमन ठरवतो, कारण डब्याची किल्ली त्याच्याकडे. तांबडीच्या अंगातला वायरमन म्हणजे इस्ट्रोजेन. त्यानं काळजातली, म्हणजे यकृतातली, गल्ली लावली की तिथे अंड्याचा बलक तयार व्हायचा. तीच तार कोंबड्याच्या यकृतातही असते, पण तिथे हा वायरमन फिरकत नाही. पिसं कशी असावीत, कोणावर धावून जावं, आरवावं की नाही, या गल्ल्याही त्याच्याच हातात. आता तांबडीचं अंडाशय थकलं, वायरमन रिटायर झाला. अंड्याची गल्ली अंधारात गेली आणि जन्मभर बंद ठेवलेली आरवण्याची गल्ली लागली. बारावीच्या मुलानं पेपरात असं लिहिलं असतं तर मी गुण कापले असते, पण अंगणात ते बरोबर वाटलं.

आईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "बाईच्या आंगातबी असते का हा वायरमन?"

असतो म्हटलं. हाडांत, कातडीत, झोपेत, मेंदूत. मेंदूत अंगाचा ताप सांभाळणारी एक जागा असते, वायरमन गेला की तिथला हिशेब चुकतो, म्हणून थंडीत आग होते. शब्द आठवत नाहीत, राग येतो. काही दिवसांनी अंग त्याच्याशिवाय राहायला शिकतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईंनी पावशी भिंतीला टेकवली, तांबडीला टोपल्यासकट उचलून धानाच्या कोठीच्या खोलीत नेलं आणि वर पोतं टाकलं. अंधारात ती गप्प राहील, उद्याचा दिवस जाऊ दे, म्हणाल्या.

रविवारी पाहुणे आले. शेजारणीच्या अंगणात सतरंजी घातली होती. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, आम्ही दोघी शेजारधर्म म्हणून हजर. मुलाची आई ठसठशीत बाई, थंडीतही पोह्यांच्या बशीनं वारा घेत होती. मुलगी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यापाशी आली आणि नेमकी त्याच वेळी, पोत्याखालून, टोपल्याखालून, बंद दारामागून तांबडी आरवली. सुरुवात झोकात, शेवट घशात.

"कोंबडी आरवून राहिली वाटते," मुलाची आई म्हणाली.

शेजारणीचा चेहरा पांढरा पडला. कोंबडा आहे, नवीनच आणलाय, अजून नीट जमत नाही त्याला, असं काहीतरी ती बोलली आणि आईंकडे बघितलं. माझ्या नवऱ्यानंही पुरुषांतून मान वळवून आईंकडे बघितलं. एक 'हो' म्हटलं असतं तर विषय मिटला असता. मीसुद्धा मनात म्हणत होते की म्हणा. पण खोटं न बोलण्याच्या शीलाला आईंच्या घरी रविवारीही सवलत नव्हती.

"कोंबडीच आहे," आई म्हणाल्या. "लय अंडे देल्ले तिनं. आता बंद झाले, म्हून आवाज बदलला. बाईचंबी तसंच होते. माहंबी झालं होतं. थंडीत आंगणात झोपत होती मी, घरच्यायवर भांडे फेकत होती. तवा मालकानं मले चोरून झाडफुकीच्या बाबाकडे नेलं, तीन बुधवार मिरच्यायची धुरी देल्ली. हिले मी कोठंच नेत नाही. अन् कापतबी नाही."

मालक म्हणजे माझे सासरे. गंडे-ताईत तळ्यात सोडणारे. नवऱ्याच्या हातातला कप तसाच राहिला. तो तेव्हा कॉलेजला नागपुरात होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, झालं, तिसरं स्थळही गेलं. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली, सतरंजीवरून सरकत आईंजवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, "किती वर्सं चालते माई हे?"

त्यानंतर अर्धा तास बायकांकडे लग्नाचा विषय निघालाच नाही. मुलगी ट्रे घेऊन उभी राहिली, चहा गार झाला, तेव्हा तिनंच तो परत नेऊन गरम केला. हेच मुलाच्या आईला आवडलं म्हणे. जाण्याआधीच तिनं होकार देऊन टाकला, आणि निघताना माझ्याकडून डॉक्टरीणबाईंचे बसायचे वार लिहून घेतले.

संध्याकाळी आई आणि मी शेजारणीच्या घरचे कप विसळत होतो. कोठीच्या खोलीतून सोडलेली तांबडी कुंपणावर बसून रागानं आमच्याकडे बघत होती. आई हातातला कप पालथा घालत म्हणाल्या, "तो वायरमन धुरीनं वापस येते का वं?"

नाही, मी म्हटलं. धुरीचा आणि त्याचा काही संबंध नाही.

"मंग तीन बुधवार मी कायले खोकलली?"