बडेबाबूंचं सार्वजनिक घर

सरकारने भिंतींवर जेवढे नियम रंगवून ठेवले आहेत, ते सगळेच्या सगळे पाळणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होऊन गेला, आणि माझ्या नशिबाने तो माझा हेडक्लार्क होता. आम्ही त्यांना बडेबाबू म्हणत असू. बागेत ‘हिरवळीवर चालू नये’ असं दिसलं की ते बाहेरच्या फुटपाथवरूनसुद्धा जपून चालत. पोस्टात ‘रांगेने यावे’ अशी पाटी होती, म्हणून दुपारच्या सामसूम वेळी ते एकटेच रांग लावून उभे राहत आणि खिडकीतला कारकून हाक मारेपर्यंत पुढे सरकत नसत. एकदा सासुरवाडीहून, म्हणजे नरखेडहून, एसटीने निघाले. सगळं सासर निरोप द्यायला स्टँडवर लोटलेलं, सासूबाई डोळ्यांना पदर लावताहेत, आणि हे खिडकीत हाताची घडी घालून बसलेले. कारण ‘हात बाहेर काढू नये’ असं डोक्यावर लिहिलं होतं. सासरच्यांनी त्या वर्षी संत्र्यांची टोपली पाठवली नाही.

असा हा माणूस सिगारेटच्या बाबतीत मात्र पार वाया गेलेला होता. फाइलीवर सही करताना एक, सही वाळेपर्यंत दुसरी. त्यांच्या बैठकीच्या खोलीत तर इतका धूर, की पाहुण्यांनी यजमानांना आवाजावरून ओळखावं. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, दमा. त्यामुळे लग्न झाल्यापासून त्या मागे स्वयंपाकघरातच असत, आणि दोघांचा संसार मधल्या दारातून एकमेकांना हाका मारून चाले. एका हिवाळ्यात काकूंची छाती फारच भरली. धंतोलीच्या डॉक्टरांनी बडेबाबूंना बाजूला घेऊन सांगितलं, “घरातला धूर बंद करा. नाहीतर पुढचा हिवाळा यांना झेपायचा नाही.” बडेबाबू त्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलाशी येऊन रडले. रडता रडता त्यांनी सिगारेट पेटवली, तेव्हा आपला रोग किती खोल आहे हे त्यांचं त्यांनाच कळलं.

“माह्या मनाले जोर नाही गा,” ते म्हणाले. “पण पाटी असली तं मी मोडत नाही. सिनेमात तीन-तीन तास बसतो का नाही? पाटी पाह्यजे.”

आणि मग या गृहस्थाने गावाला पाट्या लावायला सुरुवात केली. ‘सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करू नये.’ अक्षर त्यांचंच, निळ्या रंगातलं. पहिली पाटी आमच्या ऑफिसात, दुसरी धरमपेठेतल्या सलूनमध्ये, तिसरी चहाच्या हॉटेलात. शेवटी ते महिन्यातून एकदा ज्या बारमध्ये एक पेग घ्यायला जात, तिथेही पोचले. मालक हात जोडून म्हणाला, “बाबूजी, सिगरेट बंद केली तं लोक बसून करतीन काय?”

“पेतीन,” बडेबाबू म्हणाले.

मालकाने पाटी लावून घेतली, कारण तिच्यामागे भिंतीची ओल झाकली जात होती. पुढे सगळा बार त्या पाटीकडे तोंड करून फकाफका धूर सोडत असे, आणि एकटे बडेबाबू तिच्याखाली शेंगदाणे चघळत, दुसऱ्यांच्या धुराकडे आशाळभूतपणे बघत बसत. हे ज्याने पाहिलं नाही त्याने कायद्याचं राज्य पाहिलं नाही.

घोटाळा असा झाला, की बाहेर सगळीकडे बंदी म्हटल्यावर दिवसभराची भूक ते घरी येऊन भागवू लागले. काकू आणखीच खोकू लागल्या. बडेबाबूंनी घरी पाटी लावून पाहिली, आणि तिच्याकडे बघत बघतच काडी ओढली.

“बडेबाबू, घरचीच पाटी काहून पाळत नाही तुम्ही?” मी जरा चिडूनच विचारलं.

“घर सार्वजनिक आहे काय?” ते खिन्न होऊन म्हणाले. “नियम लागूच होत नाही गा.”

दोन दिवस ते बैठकीच्या खोलीची मापं घेत राहिले. तिसऱ्या दिवशी बैठकीतला पलंग हलला, दोन बाकं आली, तीन वर्तमानपत्रं आली आणि दारावर ‘मोफत वाचनालय, सर्वांस प्रवेश’ अशी पाटी चढली. घर रीतसर सार्वजनिक झालं. त्या संध्याकाळपासून बडेबाबू घरात लवंग चघळू लागले.

पहिले आठ दिवस वाचक लोटले. मग झुरका मारल्याशिवाय बातमी गळ्याखाली उतरत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि एकेक जण पानठेल्यावर परतला. उरलो मी. रोज सहा ते सात मी तिथे जाहिरातींसकट पेपर वाचत असे. एकदा सायकल पंक्चर झाल्याने उशीर झाला, तर बडेबाबू पायरीवर बसलेले, हातात न पेटवलेली सिगारेट. मला बघून त्यांनी ती घाईघाईने खिशात घातली आणि म्हणाले, “तू नव्हता. घराचं पुन्हा घर होऊन राहिलं होतं गा.”

दीड वर्ष असं गेलं, आणि माझी अकोल्याला बदली झाली. सांगायला गेलो तेव्हा हिवाळा तोंडावर आला होता. बडेबाबूंचा चेहरा उतरला. “एक तरी बाहेरचा माणूस लागते,” ते म्हणाले. “नाही तं मी पेटवतो. मले मी चांगला ओळखतो.”

मधल्या दारात काकू उभ्या होत्या. पदराला हात पुसत त्या पुढे आल्या आणि माझ्या समोरच्या बाकावर टेकल्या.

“मी बसत जाईन,” त्या म्हणाल्या.

“तू घरची आहे वं. चालत नाही.”

“बावीस वर्सांत या खोलीत कधी बसली मी?” काकू शांतपणे म्हणाल्या. “बाहेरचीच आहो. द्या तो पेपर.”

बडेबाबूंनी पेपर दिला. काकूंनी पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अडखळत, पण दम न लागता. बडेबाबू आयुष्यात पहिल्यांदाच बातम्या ऐकत असल्यासारखे मान हलवत होते. मी ‘येतो’ म्हणालो, ते दोघांपैकी कोणालाच ऐकू गेलं नाही. चपला घालताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इतके दिवस त्या घराची सगळी जनता मी एकटाच होतो, आणि आता तिथे माझी कोणाला गरज उरली नव्हती.